चवथीच्या तोंडावर निखळलेला खांदा

माझा उजवा खांदा निखळल्याने माझा चुलतभाऊ यशवंत याचा नेमका काय फायदा होणार होता, ते आधी मांडून ठेवतो. म्हणजे पुढे मी त्याच्यावर जे संशय घेतले ते उगीचच घेतले, असं कुणी म्हणायला नको.

पहिला फायदा गणपतीचा. आमच्या सर्वण गावच्या घराण्यात चवथीच्या सकाळी मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून गणपती आणायचा तो घरातल्या मोठ्या पुरुषाने, स्वतःच्या दोन हातांनी, पाटासकट, चालत. वाटेत कुठे टेकवायचा नाही की दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. काका गेल्यापासून हा मान माझा, कारण मी यशवंतापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. दुसरा फायदा वाटेतल्या घरांचा. गणपती येताना बघायला सात घरची माणसं अंगणात उभी राहतात, आणि त्यातली निदान पाच घरं अशी आहेत की तिथले लोक एरवी यशवंताला बघून आत जातात. तिसरा फायदा म्हणजे 'दिनूदादा पेनाचा माणूस, जड काम त्याचं नव्हे' हे त्याचं लाडकं मत चारचौघांत सिद्ध होणार. स्वतःचा हात न हलवता, फक्त माझा हलवून, इतकं पदरात पडत असेल तर कुठला चुलतभाऊ सोडेल?

तसा माणूस वाईट नाही. खाणीवर टिप्पर चालवतो, कष्टाळू आहे. पण आमच्यात नुकतंच एक मोठं प्रकरण होऊन गेलं होतं. भाषेचा वाद पेटला तेव्हा तो कोकणीच्या बाजूचा आणि मी मराठीच्या, आणि आमचं बोलणं सात महिने बंद होतं. बंद करताना जे काय एकमेकांना बोललो ते दोघंही घरच्या एकाच बोलीत बोललो, हे माझी बायको विमला हिने तेव्हाच दाखवून दिलं होतं. बायकांना तत्त्वाचं काही कळत नाही, असं आम्ही दोघांनी त्यावर एकमताने ठरवलं. त्या सात महिन्यांतलं आमचं तेवढंच एकमत. पुढे मे महिन्यात गोवा राज्य झालं आणि पहिल्या पावसाआधी घराची कौलं परतायला माणूस हवा होता, म्हणून बोलणं पुन्हा सुरू झालं.

आता खांदा कसा निखळला ते.

गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगून तिला रानातली, कुळागरातली फळं बांधायची, ती आमची माटोळी. सुपारीचं शिपटं, चिबूड, निरफणस, काकड्या, नारळाची अख्खी पेंड, आणि इतर अशा काही वस्तू ज्यांची नावं फक्त चवथीलाच आठवतात. दर वर्षी माटोळी यशवंत बांधतो. या वर्षी त्याने सकाळी येऊन चौकट टांगली आणि म्हणाला, "फळां सांजेक बांधतंय. तू त्यात पडू नको, दादा. तुझां काम न्हय तां."

'तुझां काम न्हय.' मी डिचोलीच्या नोंदणी कचेरीत एकोणीस वर्षं कारकून आहे. राज्य झाल्यापासून तीन महिने मी छापील फॉर्मांवरच्या 'गोवा, दमण व दीव' यातलं 'दमण व दीव' पट्टी लावून लाल शाईने खोडत होतो. नवे फॉर्म येईपर्यंत जुने असेच वापरायचे होते. रोज दोनशे, कधी तीनशे. ज्या हाताने दोन आख्खे मुलूख गोव्यापासून वेगळे केले त्याला चार काकड्या बांधता येणार नाहीत?

दुपारी जेवून विमला लवंडली तेव्हा मी बाकावर स्टूल ठेवलं आणि चढलो. काकड्या झाल्या, चिबूड झाला, निरफणस झाला. मग एका हाताने नारळाची पेंड डोक्यावर उचलली. तेव्हा स्टुलाचा एक पाय बाकावरून सरकला. मी पेंड सोडली आणि उजव्या हाताने चौकट धरली.

आता इथे नीट लक्ष द्या. ती गाठ साध्या माणसाने मारलेली असती तर चौकट माझ्याबरोबर खाली आली असती, दोन काकड्या डोक्यावर पडल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ती गाठ टिप्परवाल्याची. चौकट तसूभर हलली नाही. स्टूल गेलं, बाक गेला, आणि मी एका हातावर निरफणसाशेजारी लटकत राहिलो. खांद्यात काहीतरी ओलं, जाड वाजलं. मग मी सुटलो.

विमला धावत आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो, आणि माझा उजवा हात अंगापासून थोडा लांब, हवेत थांबला होता. कमरेवर ठेवायला निघालेला आणि वाटेत विचार बदललेला. खाली घेववेना, वर तर नाहीच. खांद्याची गोलाई गेली होती आणि तिथे टेबलाच्या कोपऱ्यासारखा कोपरा आला होता. पुढे, गळ्याच्या हाडाखाली, एक टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे माझंच हाड, हे ध्यानात आलं तेव्हा माझ्या अंगाला जो घाम फुटला तो खाली नारळांवर ठिबकला.

या उजव्या हातावर माझं काय काय होतं? सही. नोंदणीच्या वहीतलं अक्षर. आमचा संसार. बिनहाताचा टिप्परवाला निदान माणसं ठेवून टिप्पर चालवू शकतो. बिनहाताचा कारकून म्हणजे नुसती खुर्ची.

पहिला शेजारी आला तो भिकाजी, कोपऱ्यावरचा दुकानदार. त्याने लांबूनच बघून मान हलवली.

"ओढल्यार बसता हो," तो म्हणाला. "आमच्या कारापूरच्या मेव्हण्याचो असोच गेल्लो. चौघांनी धरून ओढलो."

"बसला?" मी विचारलं.

"बसलो तर. एकदम बसलो."

"मग आता बरा आहे ना हात?"

भिकाजीने घरंगळलेला एक नारळ उचलून बाजूला ठेवला. "जेवता डाव्या हातान," तो म्हणाला. "पण सवय झाली त्याका आता."

मागोमाग नारायण मास्तर आले. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवतात आणि कुणाचं काही मोडलं की शाळेतला हाडांचा तक्ता घेऊन येतात. त्यांनी तक्ता माटोळीच्या चौकटीलाच अडकवला आणि छडीने दाखवायला सुरुवात केली. हे पुढचं गळ्याचं हाड, जत्रुक. हे पाठीमागचं फावड्यासारखं, स्कंधास्थी. त्याच्या कोपऱ्यात ही उथळ वाटी. दंडाचं हाड, भुजास्थी, त्याचं डोकं या वाटीत असायला हवं. "तुमचं नाही," असं म्हणून त्यांनी छडी तक्त्यावरून काढून माझ्या टेंगळावर आणली. मग कोपराखाली गेले. तिथे एक नाही, दोन हाडं असतात हे मला तेव्हा कळलं. मनगटात आठ. तोपर्यंत माझा फक्त खांदा दुखत होता. जसजशी हाडं कळत गेली तसतशी ती एकेक करून दुखायला लागली, आणि मनगटापर्यंत येता येता माझी अठ्ठेचाळीस वर्षांची अडाणी सुखं संपली.

"मुख्य भीती हाडाची नाही," मास्तर म्हणाले. मला बरं वाटलं. "मुख्य भीती आतून जाणाऱ्या नसेची आणि रक्तवाहिनीची. ती दबली तर हात वाळतो."

त्यांनी विमलाकडून टाचणी मागितली आणि माझ्या दंडाच्या वरच्या भागावर, बाहेरच्या बाजूला टोचली. "कळतं?"

कळतं का, हे मला कळेना. टोचलेलं कळत होतं की मास्तर टोचताहेत हे दिसत होतं म्हणून कळत होतं? डोळे मिटले. मग कुठेच काही कळेना, पायातसुद्धा. मास्तरांनी गंभीरपणे माझं मनगट धरलं, घड्याळात बघितलं, पुन्हा धरलं.

"नाडी लागत नाही," ते हळूच म्हणाले.

भिकाजीने डोक्यावरची टोपी काढली.

विमला पुढे झाली. मास्तरांची बोटं करंगळीच्या बाजूला होती. तिने अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली. "लागते की," ती म्हणाली. "घोड्यासारखी धावतेय." मग तिने काखेत एक उशी दिली, जुन्या लुगड्याने हात होता तसाच उशीसकट अंगाशी बांधला आणि भिकाजीच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली. "ओढायचं नाही, चोळायचं नाही. यशवंतभावजी, गाडी काढा."

यशवंत दारात उभा होता. कधी आला कोण जाणे. त्याने आधी चौकटीकडे बघितलं, गाठ शाबूत होती. मग माझ्याकडे.

"गाठ घट्ट होती म्हणून तू वाचलो, दादा. नायतर तकली फुटली असती."

हे त्याने किती समाधानाने म्हटलं ते फक्त मीच ऐकलं.

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बसला माणूस लटकू शकतो, बसू शकत नाही, आणि लटकण्याचं माझं त्या दिवसाचं काम झालेलं होतं. म्हणून टिप्पर. सर्वण ते म्हापसा या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते कुणी मला विचारावं. प्रत्येक खड्ड्याला ते भुजास्थीचं डोकं वाटीकडे जायच्या ऐवजी मानेकडे यायला बघत होतं. ते एखाद्या खड्ड्यात थेट तोंडातून बाहेर आलं तर काय करायचं, असा विचार मी डोडामार्गच्या फाट्याजवळ पूर्ण गांभीर्याने केला. यशवंत हळू चालवत होता. हळू का? अंधार पडावा, दवाखाना बंद व्हावा, म्हणून? मग एका खड्ड्यात त्याने जोरात घातली. जोरात का?

"दादा, तू काय तरी बोल रे," तो म्हणाला. "असो गप्प बसलो काय भंय दिसता माका."

म्हणजे त्यालाही भीती वाटत होती. हे ऐकून माझी दुप्पट झाली.

म्हापशाच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. 'गोवा, दमण व दीव' सरकारचा होता. खोडलेलं होतं, पण तिरकं, पट्टी न लावता. एरवी मी दोन शब्द सुनावले असते.

"इथे सही."

"उजवा हात..." मी लुगड्याकडे दाखवलं.

त्याने मान वर न करता शाईचा डबा पुढे केला. "डावा अंगठा."

एकोणीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले आहेत. त्यांची बोटं माझ्या दोन बोटांत धरून, दाबून, फिरवून, 'हलू नका' म्हणत. शाई पुसायला चिंधी मागणाऱ्याला 'केसांना पुसा' असंही म्हटलेलं आहे. आता त्या माणसाने माझा अंगठा धरला आणि म्हणाला, "हलू नका." मी हललो नाही. यशवंत भिंतीवरची कॅलेंडरं बघत होता. सगळी बघितली त्याने, मागच्या वर्षाचंसुद्धा.

फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं, फक्त जागेवरून सुटलेलं. डॉक्टरीण संजना नावाची, तरुण, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान असेल. तिने फोटो उजेडात धरला.

"हे बघा काका, हा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला नारळ. बशी उथळ, नारळ मोठा. त्याला धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू."

"म्हणजे माझे स्नायू कमी पडले?"

"नाही, आता तेच जास्त झालेत. घाबरलेत ते. इतके आवळून बसलेत की हाडाला आत यायला वाट देत नाहीत. तुम्ही जरा सैल सोडलात ना, की निम्मं काम झालं."

माझ्या स्नायूंना माझ्यापेक्षा निराळी भीती वाटते आणि ती त्यांनी मला न विचारता चालवली आहे, ही माहिती मला नवी होती. मी सैल सोडायचा प्रयत्न केला. पाय सैल झाले. खांदा दगड.

"कापणार?" मी विचारलं.

"छे."

"बेशुद्ध?"

"लागलंच तर. आधी दुसरं करून बघू. सतीश, यांना पालथं घे."

सतीश म्हणजे गडहिंग्लजकडचा दणकट वॉर्डबॉय. त्याने मला उंच टेबलावर पालथं निजवलं, असं की उजवा हात कडेवरून खाली लोंबावा. मग मनगटाला पट्टी गुंडाळून तिला एक बादली बांधली आणि तीत तांब्याभर पाणी ओतलं.

"सैल पडा निवांत, सायेब. भ्याचं काय काम न्हाई."

"मी येतेच," डॉक्टरीण म्हणाली आणि गेली.

येते म्हणजे काय घेऊन येते? माझं तोंड टेबलाच्या कडेला होतं. खाली मला फक्त बादली, सतीशच्या चपला आणि यशवंताचे गुडघे दिसत होते. ही सगळी तयारी आहे, खरं ओढणं पुढे आहे, हे उघड होतं. बादली बहुधा रक्तासाठी. चौघं धरून ओढतील, भिकाजीच्या मेव्हण्यासारखे. मी डाव्या हाताने चाचपत यशवंताचं मनगट धरलं. घट्ट धरलं. चुलतभाऊ असला तरी ओळखीचं एवढंच हाड तिथे होतं.

दर थोड्या वेळाने सतीश आणखी तांब्याभर पाणी ओतत होता.

"यशवंता," मी टेबलाला म्हटलं, "उद्या गणपती तूच आण."

"आणीन," तो म्हणाला.

ताबडतोब म्हणाला. 'असां काय बोलतंस, दादा, तूच आणशील' असं माणूस निदान एकदा तरी म्हणतो. पद्धत असते. मी वाट बघितली. सतीशने पाणी ओतलं.

"आणि माझ्या कपाटात शाईच्या दोन बाटल्या आहेत, लाल. त्या कचेरीच्या आहेत. परत कर."

"करीन."

"विमलाला सांग की..." काय सांगायचं ते मला सुचेना. नऊ वर्षं झाली लग्नाला, आणि तिला सांगायचं राहिलंय असं जे होतं ते यशवंताच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

किती वेळ गेला? घटका, दोन घटका. भीतीलासुद्धा एका जागी इतका वेळ उभं राहणं जमत नाही. डोळे जड झाले. हात खाली लोंबतोय, बादली डुलतेय, सतीश कुणाशी तरी गडहिंग्लजच्या पावसाबद्दल बोलतोय. एकाएकी खांद्यात धडप असा आवाज झाला, आणि दुखणं थांबलं. एकदम, दिवा विझावा तसं.

दुखायचं थांबलं याचा अर्थ एकच असू शकतो. मी डावा हात पिळून वळवत, यशवंताच्या मनगटासकट, अंगाची धनुकली केली.

"हात पडला," मी म्हणालो. "यशवंता, बादलीत बघ. उचल."

"बसला सायेब," सतीश म्हणाला. "सोडा आता त्यास्नी."

डॉक्टरीण आली, चाचपलं, दंडावर टाचणी लावली, ती चांगलीच कळली. ओढणं कधी, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झालं की. हेच ते. तुमचे स्नायू दमवायचे होते." तिने हात झोळीत घातला. तीन आठवडे झोळी, काही उचलायचं नाही, हात वर न्यायचा नाही, मग व्यायाम. "नाहीतर पुन्हा सुटेल. एकदा सुटलेला खांदा वाट शिकतो."

बोटं हलवून बघितली. पाचही हलली. हवेत मी माझी सही करून बघितली. झाली. त्या टेबलावर बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सतीशने बादलीतलं उडालं असं समजून पुसून घेतलं.

परतीचा प्रवास मात्र जातानापेक्षा भयंकर. यशवंत गिअर बदलायचा तो डाव्या हाताने नाही. चाक सोडून, उजवा हात पलीकडून आणून बदलायचा. तेवढा वेळ टिप्पर देवाच्या भरवशावर. आणि प्रत्येक गिअरला कण्हायचा. माझ्या नशिबावर कण्हतोय, असं वाटून मला गहिवरून आलं. उद्याच्या आनंदाने वेडा झालाय, असाही संशय आला. विचारायचा धीर झाला नाही. एक हात तर आधीच झोळीत होता.

चवथीच्या सकाळी आम्ही चित्रशाळेत गेलो. यशवंत नवं धोतर नेसून, खांद्यावरच्या उपरण्यात डावा हात गुंडाळून आला. मागे भिकाजी, मास्तर, विमला, आणि मी झोळीत. चित्रशाळेत इतर घराण्यांची रांग लागलेली. मूर्तिकाराने आमचा गणपती पुढे काढला. भरलेल्या घागरीएवढा जड, पाट वेगळा. यशवंत वाकला, दोन्ही हात पाटाखाली घातले, आणि तोंड वाकडं करून तसाच थांबला.

"उचल," मी म्हणालो.

"उचलतंय."

उचलला नाही. विमलाने त्याचं उपरणं बाजूला केलं. डावं मनगट फुगून पाववाल्या पोदेराच्या उंड्या पावासारखं गोल झालं होतं, वर माझ्या चार बोटांचे निळे वळ.

"हे कधी?"

"काल," यशवंत म्हणाला. माझ्याकडे न बघता. "दादाचो हात बसलो तेन्ना."

"तेव्हाच का नाही दाखवलंत? डॉक्टर समोर होती."

"मगे गणपती कोण आणतलो?"

मास्तरांनी मनगट दाबून बघितलं आणि आठ हाडांची नावं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्यापर्यंत आले तेव्हा मूर्तिकार म्हणाला की मागे सतरा माणसं थांबलीत, मुहूर्त टळतोय, काय ते ठरवा. टेकवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि घराण्यात तिसरा पुरुष नाही. आमच्या आजोबांच्या वेळेपासून या घरी गणपती आला नाही असं वर्ष नाही.

विमलाने पदर खोचला आणि पाटाखाली हात घातले.

"बाईमाणसान?" भिकाजी म्हणाला.

"मग तुम्ही उचला," ती म्हणाली.

भिकाजीला कमरेचं दुखणं आहे. मास्तरांनी लगेच गुडघ्याचं सांगितलं. तिने गणपती उचलला, छातीशी घेतला आणि चालायला लागली. कोपर अंगाशी, पाठ सरळ, पाऊल लहान. रोज विहिरीवरून पाणी आणणारी माणसं चालतात तशी. मागून आम्ही दोघे, एक झोळीत, एक उपरण्यात. सात घरची माणसं अंगणात उभी होती. पाच घरांतलं कुणी आत गेलं नाही. सगळ्यांनी हात जोडले, आणि ते आमच्यापैकी कुणाला नव्हेत हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

"टेकवायचा नाही," अर्ध्या वाटेवर मी आठवण केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या. मास्तरांच्या तक्त्यावर त्या निळ्या रंगाने काढल्या आहेत.

आता या सगळ्याची किंमत कुणी किती भरली ते सांगतो. माझ्या खांद्याला त्या दिवशी अकरा माणसं बघायला आली, आणि प्रत्येकाने तो सुटला कसा, बसला कसा, हे मला दोनदा सांगायला लावलं. यशवंताच्या मनगटाला चार आली; ती थोडी कमी बसली. विमलाने गणपती माटोळीखाली बसवला, आरतीला टाळ वाजवले, मग दोन्ही हात एकदा झटकून "मुंग्या आल्या" एवढंच म्हणाली, आणि खोबरं खवायला बसली. सोळा नारळ. तिच्या हातांकडे बघायला कुणी आलं नाही. तिने मधे उठून केलेला चहा तिच्या हातून घेणारे ते पंधरा जण धरले नाहीत तर.